नियम सातवा

नऱ्ह्याच्या शेडमध्ये, लेथ बंद झाल्यावर,
मी ईमेलचे नियम लिहायला बसलो.
पासवर्ड कुणाला सांगू नये.
कोटेशन घरच्या मेलवरून पाठवू नये.
गिऱ्हाइकाशी लेखी भांडू नये
(हा माझ्यासाठीच).

सातव्याशी अडलो.

मार्चमध्ये वाळिंबेबाईंनी
तीन लाख ऐंशी हजार
भलत्याच खात्यात भरले.
मेल माझ्या नावाचा,
पत्त्यात फक्त एक अक्षर जास्त.
बावीस वर्षांत पैही न चुकलेली बाई,
दोन दिवस भरला डबा तसाच घरी नेत राहिली.

मी विचारलं होतं, शंका नाही आली?
"आली ना. त्यात 'कृपया' होतं.
मग वाटलं, साहेब सुधारले."

सातवा शेवटी असा झाला:
खाते क्रमांक बदलला, की आधी फोन करून विचारावे.
मेल मालकाचा असला तरी.
मालक चिडला तरी.

सगळ्यांना पाठवला.
खाली, जरा थांबून, लिहिलं
'कृपया वाचावे.'

दोन मिनिटांत फोन.
"साहेब, हा मेल तुमचाच ना?"
प्लायच्या पार्टिशनमधून आधी ऐकू आलं,
फोनमधून नंतर.