पंधरा किलोपर्यंत

माळ्यावरून गाडी खाली काढली
तेव्हा चाकात अजून मिरामारची वाळू होती
आणि पट्ट्यावर काजूच्या बोंडाचा डाग,
जो कशानंच गेला नव्हता.

सुलक्षा म्हणाली, सात वर्षांची घोडी,
तिला बाबागाडीत बसवून नेणार?
वेर्ण्याच्या त्या पार्कात रविवारी
अर्धा फोंडा भेटेल आपल्याला.
मी म्हणालो, त्या पठारावर झाड नाही एक.
ती म्हणाली, शाळेत चालत जाते ना?
मी म्हणालो, शाळा घरामागे आहे.
शुक्रवारी रात्री हे झालं,
शनिवारी पुन्हा, तांबडी भाजी निवडताना,
कोर्टात तारीख पडावी तसं.

केतकी ओट्यावर बसून पाय हलवत होती.
तिला कुणी विचारलं नव्हतं.

सीटखाली एक लेबल सापडलं, अर्धं खरवडलेलं:
कमाल वजन पंधरा किलो.
भुसारी दुकानातल्या काट्यावर
केतकी चपलांसकट एकवीस भरली होती,
गणपतीच्या आधी.
बघ, सुलक्षा म्हणाली.
मी म्हणालो, डिकीत टाकू. लागली तर काढू.
आमच्या घरातले सगळे निर्णय
असेच डिकीत जातात.

मोठ्या पाळण्याच्या तोंडाशी
लाकडी मगर उभी होती, हिरवी, एक हात आडवा धरून:
माझ्या हाताएवढे असाल तरच या.
केतकी टाचा उचलून उभी राहिली.
तिकिटं फाडणाऱ्या इनासनं
तिच्या खांद्यावर दोन बोटं ठेवली,
टाचा हळूच जमिनीला टेकल्या.
चार बोटां उणी, बाय. फुडल्या वर्सा यो.

पाळण्याला चार बोटं कमी,
गाडीला सहा किलो जास्त.
एवढ्या मधल्या फटीत
माझी मुलगी उभी होती,
कोपरापर्यंत ओघळलेली ऑरेंज कँडी चाटत.

तीन वाजता ती चिऱ्याच्या कट्ट्यावर बसली
आणि म्हणाली, माझे पाय संपले.
दुखले नाही. संपले.
सुलक्षानं माझ्याकडे पाहिलं नाही,
म्हणजे जा.

पार्किंग लांब होतं, उतारावर.
रिकामी बाबागाडी ढकलत भर उन्हात चढणाऱ्या माणसाकडे
लोक ज्या नजरेनं बघतात
त्या नजरेला नाव नाही.
एक चाक कुरकुरत होतं,
येतोय येतोय म्हणून आधीच कळवत.

पोचलो तर केतकीच्या वर्गातल्या दोघी तिथं,
टाटूवाल्याच्या रांगेत.
केतकीनं गाडी पाहिली, त्यांना पाहिलं,
आणि घरातल्या मोठ्या बाईच्या आवाजात म्हणाली,
बाबा, ह्यात पिशव्या ठेव.

ठेवल्या. ओले टॉवेल, पाण्याच्या बाटल्या,
सुलक्षाच्या चावणाऱ्या चपला.
ढकलली तिनंच, तिन्हीसांजेपर्यंत,
पाणघसरगुंडी, आरशांची खोली, पुन्हा पाणघसरगुंडी.
मूठ तिच्या छातीशी येत होती.
हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं.

दिवे लागले, गर्दी उतरून गेली.
फाटकाजवळ तिनं गाडी थांबवली,
एकेक पिशवी काढून माझ्या खांद्यावर अडकवली,
बाटल्या सुलक्षाला दिल्या,
अनवाणी आईच्या पायांत चपला सारल्या,
आणि बसली.
गुडघे हनुवटीला, कोपर बाहेर.
पाय ठेवायची पट्टी केव्हाच पुरेनाशी झालेली,
तिचे बूट लाल मातीवर
दोन रेघा ओढत निघाले.

कोणी आलं तर सांग हं, ती म्हणाली.

इनास फाटकाची साखळी ओढत होता.
त्यानं आम्हांला पाहिलं,
मग पाठ फिरवून
हातातलंच कुलूप शोधायला लागला.

कोणी आहे?

कोणी नाही, मी म्हणालो,
आणि कुरकुरणारं चाक
जरा उचलून धरलं.