पाठमोरी

ऑगस्टपासून तूवा चार सेंटिमीटर वाढली.
दाराच्या चौकटीवर पेन्सिलीची रेघ आहे,
पण रेघेच्या आधी मला तिच्या गुडघ्यांनी सांगितलं.
गाडीत ते आता हनुवटीला टेकायला येतात,
बुटांचे ठसे मागच्या सीटच्या पाठीवर,
आणि रोजचा एकच प्रश्न:
मेल्केर पुढे तोंड करून बसतो, मी का नाही?

मेल्केर सात वर्षांचा आहे, म्हणते मी.
हे तिला उत्तर वाटत नाही.

रविवारी आल्वार आला, माझा भाऊ,
काखेत मेल्केरची जुनी खुर्ची.
उंबऱ्यावर बूट आपटत म्हणाला,
घे. दुकानात निम्मा पगार जाईल तुझा.
खोटं नव्हतं ते.
कापड धुतलेलं, साबणाचा वास येत होता.
बकल कटकन लागत होतं.
तळाशी छापलेली मुदत अजून तीन वर्षं पुढे.
मी आपलं सहज विचारलं,
कुठे आपटली-बिपटली नाही ना?

आल्वार खोटं बोलत नाही.
तो फक्त उत्तराआधी
खिशात किल्ल्या शोधतो.

रेनडियर, म्हणाला. मागच्या हिवाळ्यात,
योकमोकच्या अलीकडे.
नुसता बंपर गेला गं.
मेल्केर झोपेतून उठलासुद्धा नाही.

मी बर्फ काढणारा ट्रक चालवते.
पहाटे तीनला पात्याच्या नुसत्या आवाजावरून सांगते
खाली खडी आहे की काच.
पण या खुर्चीतून मला काहीच ऐकू येईना.
ठोकून पाहिली, दाबून पाहिली, टॉर्च लावला.
दिसणारी चीर निस्तरता येते.
ही असलीच तर प्लॅस्टिकच्या पोटात,
आणि नसलीच तर
तेही मला कधी कळणार नव्हतं.

नको, म्हटलं.
तो कॉफी न घेता गेला.

लुलेओच्या दुकानातली नसरीन घाईत नव्हती.
पोरीचं वय नाही, किंमत नाही,
आधी विचारलं, गाडी कोणती?
खुर्ची चांगली असून भागत नाही,
तुमच्या गाडीशी तिचं पटायला हवं.
उणे अठरात, पार्किंगमध्ये,
तीन लावल्या, दोन उतरवल्या.
एक उतारावर बसल्यासारखी कलली,
दुसरीनं स्टेअरिंग माझ्या छातीशी आणलं.

तिसरीत बसवण्याआधी तिनं तूवाचा जाड कोट काढायला लावला.
कोटात हवा असते, म्हणाली,
मग पट्टा हवेला धरतो, पोरीला नाही.
खांद्याच्या किंचित खालून तो ओढून घेतला,
चिमटीत पकडायला गेली, बोटं घसरली.
असं. चिमटीत आला तर सैल.
कोट उलटा, वरून पांघरायला.

आणि पाय? दुमडतात हो.
आम्ही मोठी माणसंच पायांची काळजी करतो.
तुम्ही डोकं बघा.
डोकं या कडेच्या वर डोकावलं, की या परत.

मला पुढे बघायचंय, तूवा कोटाखालून म्हणाली.
पुढे काय, नुसता बर्फ, मी म्हटलं.
मागे बघ.
तो रस्ता तुझ्या आईनं साफ केलाय.

थोडा वेळ गप्प.
मग मागे पडणाऱ्या गोष्टींची वर्दी सुरू झाली.
पेट्रोल पंप गेला.
एक कुत्रा गेला, त्याला स्वेटर होता.
चर्च गेलं.
आल्वारमामाचं घर गेलं...
आई, मामाच्या कचऱ्याच्या डब्याजवळ मेल्केरची खुर्ची आहे.
तिचे पट्टे कुणी कापले?

मला आरशात फक्त छप्पर दिसलं,
आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत दिवा.

पुढे दोनशे मीटरवर गाडी वळवायला जागा आहे.
पहाटेच साफ केली होती मी.