बावन्नावं मिनिट

एकतीस वेळा पाहिलाय मी हा सिनेमा,
तिकीट न काढता, मागच्या दाराला पाठ टेकून,
एका हातात टॉर्च, दुसऱ्यात झाडू.
ओहायोतल्या हार्लन फॉल्समध्ये थिएटर एकच, पडदा एकच,
पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात एक शिवण.
नायक उडाला की दरवेळी तिथं जरा वाकडा होतो.

सुरुवात मात्र अशी, की झाडू खाली ठेवावा.
बंद पडलेल्या पोलाद कारखान्यातला क्रेनवाला,
हातांत अवचित वीज आलेली,
आणि तिचं करायचं काय, हे त्याला उमजत नाही.
पहिल्यांदा ती वापरतो कशासाठी?
शेजारणीचं तोडलेलं मीटर जोडायला.
एवढंच. ढोल नाहीत, व्हायोलिन नाही.
तिच्या फ्रिजमधला दिवा लागतो, आत अर्धं लिंबू,
आणि अंधारात कुणीतरी हळूच 'हं' म्हणतं.
त्या 'हं'साठी मी दिग्दर्शकाला पुष्कळ माफ करतो.

मग ती सुनावणी.
लांबलचक टेबल. नळाचं पाणी बरणीत भरून आणलेली इंजिनियर बाई.
"पाण्यात शिसं आहे
हे तुम्हाला कितव्या तारखेला कळलं?"
सिनेटर बाटलीचं झाकण उघडतो.
पितो.
झाकण लावतो.
कॅमेरा हलत नाही.
मी मोजलंय: एकोणीस सेकंद.
एवढ्यात तर इतर सिनेमांतली दोन शहरं कोसळून होतात.

बावन्नाव्या मिनिटाला तीच बाई
बालवाडीची बस पुलावरून ढकलते.

का?
कथेत कारण सापडत नाही, मी एकतीस वेळा शोधलं.
तिचा प्रश्न बरोबर होता आणि उत्तर महाग पडलं असतं,
हेच कारण असणार.
बसबरोबर प्रश्नही बुडतो.
आपण सुटलो, पॉपकॉर्न खायला मोकळे.
पाणी कुठं मुरतंय ते इतकं नेमकं दाखवायचं
आणि मग पूरच आणायचा,
म्हणजे ओल कुणाच्या भिंतीची, विचारायला नको.

लविनिया टॉलिव्हर नेमकी याच भागासाठी येते.
पुलावरून पळणाऱ्या गर्दीत ती आहे,
पिवळा कोट, तीन सेकंद.
अकरा वेळा पळवलं तिला, दिवसाचे एकशे दहा डॉलर,
गुडघा अजून दुखतो.
ओरडा म्हणाले; काय ते सांगितलं नाही.
म्हणून ती पाण्याच्या बिलाचा आकडा ओरडली.
आवाज नंतर पुसला, वर कडकडाट चढवला.
"ओठ बघ," ती मला म्हणते, "ओठ नाही पुसता आले."
आता मला दुसरं काही दिसतच नाही तिथं:
चारशे बारा डॉलर, सदतीस सेंट.

शेवटी नायक आणि सिनेटर, हातात हात.
झेंडा. कोवळं ऊन.
मला त्या मीटरची काळजी लागून राहते.
नावं वर सरकतात, लष्कराचे आभार मानतात,
तोवर मी तिसऱ्या रांगेपर्यंत झाडत आलेलो असतो.

सरळ वाईट असता तर बरं झालं असतं,
मागच्या खुर्चीत डुलकी काढली असती.
अर्धा खरा आहे मेला,
झोपू देत नाही.

परवा रविवारी दुपारचा खेळ सुटला.
लॉबीतल्या पिण्याच्या नळावर काळी पिशवी आहे,
बरेच दिवस झाले; चिकटपट्टी सुटली की मीच बदलतो.
लविनियाचा नातू अमारी, सात वर्षांचा,
नायकाचा मुखवटा घालून त्या नळासमोर उभा राहिला,
दोन्ही मुठी वळल्या, वीज सोडतात तशा,
आणि त्या बाईचं वाक्य म्हणाला.
"कितव्या तारखेला?"

प्लॅस्टिकच्या तोंडातून आवाज मोठ्या माणसासारखा आला.
मी झाडता झाडता थांबलो.
पिशवी पहिल्यांदा बांधली तो वार मला आठवत होता,
मंगळवार. हातमोजे घातले होते.
तारीख काही केल्या आठवेना.