फोटो क्रमांक दोनशे चौदा

कोपरीत, तिसऱ्या मजल्यावर, शालूंच्या कपाटात
मी एक रेल्वे ठेवली आहे.
शालू आता पलंगाखाली.
बायको म्हणते, रूळ तेवढे आणायचे राहिलेत.

पुठ्ठ्याची तिकिटं, कडा चावलेली,
गँगमनच्या हजेरीची वही, वाळवीनं निम्मी वाचलेली
(तिनं वाचलेली निम्मी आता कुणालाच मिळणार नाही),
रद्दीवाल्याशी किलोच्या भावानं भांडून सोडवलेलं
एकोणीसशे बावन्नचं वेळापत्रक.
पहिली गाडी ठाण्यालाच आली, हे शाळेतली पोरंही सांगतात.
त्यानंतरचं कुणी विचारत नाही.

भुसावळचे फेगडे दर पंधरवड्याला पत्र टाकतात:
'आपण बॉयलर बदलल्याचं साल चुकीचं दिलंत.'
बहुधा ते बरोबर असतात. त्याचाच राग येतो.
इगतपुरीचे शिवदे फोटो देतात, पण अटीवर.
खाली त्यांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव,
आणि प्रत कुणाला म्हणजे कुणालाही द्यायची नाही.
ज्यांना खरं ठाऊक होतं त्या ड्रायव्हर फर्नांडिसांकडे
मी मंगळवारी जाणार होतो.
ते रविवारी गेले.

दोनशे चौदा नंबरचा फोटो शिवद्यांचाच.
मिठागराच्या सायडिंगवर एक बुटकं इंजिन,
मागे खाडी, उन्हानं पांढरी,
आणि ऐन नंबरप्लेटसमोर एक माणूस.
शेवटचे दोन आकडे दिसतात, एक आणि सात.
आधीचे त्याच्या खांद्याआड.
अकरा वर्षं मी भिंगातून त्या खांद्याला सांगतोय,
जरा सरक बाबा. एक पाऊल. डावीकडे.

खाली माझ्या अक्षरात:
'तेलवाला, नाव अज्ञात. हातात तेलाची झारी,
झाकण मूळ बनावटीचं नसावं.'
'नसावं' लिहिताना किती शहाणं वाटलं होतं मला.

परवा चेंदणीहून एक बाई आल्या. बेबीताई, माहेरच्या नाखवा.
चपला दाराबाहेर नीट जोडून ठेवल्या,
पाणी नको म्हणाल्या, मग प्यायल्या.
मी अल्बम उलटत होतो, कळवा, पारसिकचा बोगदा,
चाकांच्या व्यासाबद्दल काहीतरी बोलत होतो,
आणि त्यांनी पानावर हात ठेवला. सबंध तळवा.
'बाबा.'

तेलवाले? हसल्या. हसता हसता पदर डोळ्याला.
'रेल्वेत कुठले? मिठागरावर होते. मामा गँगमन,
त्याला दुपारचा चहा न्यायचे.
ही आमची किटली. झाकण हरवलं होतं,
आई वर वाटी ठेवायची, उपडी.'

मी भिंग घेतलं. वाटी होती.
अकरा वर्षं वाटीच होती.

पोशा नाखवांचा हा एकुलता एक फोटो.
इंजिनाचा त्यांना राग, म्हणाल्या. धुरानं मीठ काळं पडतं.
'एक द्याल का मला?'

शिवद्यांची अट कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली आहे.
मी खाली उतरून, रिक्षा स्टँडपलीकडच्या झेरॉक्सवाल्याकडून
जाड कागदावर मोठी प्रत काढून आणली.
त्यानं विचारलं, काका, इंजिन मधोमध घेऊ?
म्हटलं, नको. माणूस घे.

रात्री खोडरबर घेऊन बसलो.
'तेलवाला' गेला. 'झारी' गेली. 'नाव अज्ञात' सगळ्यात शेवटी.
फेगड्यांना कळवलं, ही चूक तुम्ही कशी नाही पकडलीत?
शिवद्यांना अजून लिहिलेलं नाही.

इंजिनाचा नंबर अजूनही दोनच आकडी.
भिंग पेटीत ठेवताना त्या खांद्याला म्हणालो,
असू दे, उभे राहा.
चहा तेवढा निवतोय.