मिटायचं काम रबराचं

सत्तर अंशाच्या पाण्यात प्लास्टिकचा पत्रा सोडला
की पहिलं अर्धं मिनिट काहीच होत नाही.
मग कडा लवतात.
उचलून टॉवेलवर टिपायचा,
स्वतःच्या गालाला लावून बघायचा,
आणि समोरच्याच्या हातावर पसरायचा.
चार मिनिटांत तो त्या हाताचा होतो.
बेलापूरच्या या खोलीत अकरा वर्षं मी हेच करते.
डॉक्टर का? विचारतात. नाही.
मग शिंपीण?
तेही नाही, पण जवळ आलात.

धाकलीबाय तांडेल, दिवाळे गाव, वय छप्पन्न.
उजवा हात. मधलं बोट आणि अनामिका.
घोळीचं डोकं फोडताना कोयता निसटला,
आतल्या दोन कंडरा तुटल्या. ती म्हणते, दोऱ्या.
सर्जननी शिवल्या
आणि पुढचं माझ्याकडे पाठवलं.

साचा बसवला हाताच्या मागच्या अंगानं,
मनगट तीस अंश वाकलेलं.
नखांवर हुक चिकटवले, हुकाला दोरा, दोऱ्याला रबर,
रबर मनगटापाशी सेफ्टी पिनेत.
आणि नियम सांगितला:
बोटं तुम्ही उघडायची. मिटायची नाहीत.
मिटायचं काम रबराचं.
तासाला दहा वेळा.

ती हसली नाही.
"आनी पैसं कोन धरंल?"

होडीचा दोर, बाजारातली चार फूट जागा,
दारू प्यालेल्या धाकट्याची कॉलर,
चाळीस वर्षं तिनं सगळं धरूनच ठेवलेलं,
आणि मी सांगत होते
सहा आठवडे काही धरू नका.

दुसऱ्या आठवड्यात वेल्क्रोमध्ये खवले.
पट्ट्याखाली घडी करून कोंबलेल्या नोटा.
तासाचं तिला जमलं नव्हतं,
दर गिऱ्हाइकामागं दहा, असा हिशेब धरलेला;
रविवारी म्हणे चारशेवर गेली.
मी रागावले.
नोटा मोजून तिच्या डाव्या हातात दिल्या.

तिसऱ्या आठवड्यात तिनं पिशवीतून काढला तो
पापलेटासारखा सपाट.
"मासल्यांचा वास येत होता गो,
म्हनून उकलत्या पान्यान धुतला."

या पत्र्याला स्मरणशक्ती असते,
कंपनी तेच सांगून विकते.
ताप दिला की पहिल्यासारखा होतो.
पहिल्यासारखा म्हणजे
कुठलाच हात भेटण्याआधीसारखा.

आणि हात?
तिनं पदर बाजूला केला.
मासळीच्या खोक्याचा थर्माकोल,
डाव्या हातानं कापलेला, वेडावाकडा,
लुगड्याच्या काठानं बांधलेला,
रबरं कोथिंबिरीच्या जुड्यांची.
मी कोनमापक लावला. अठ्ठावीस.
पुसून परत लावला. एकोणतीस.

अंदाजानं केलंत?
"अंदाज कशाला? तुज्या साच्यान कसा बसला होता
ता हाताला म्हाईत."

मी पाणी तापवायला ठेवलं.
दोघी गप्प बसलो, थर्मामीटर वर चढेपर्यंत.
चाळिसाला तिनं विचारलं, तुझं लग्न झालंय का.
साठाला मी सांगितलं, झालं होतं.

तो थर्माकोल अजून माझ्या कपाटावर आहे,
शिकाऊ मुलींना दाखवते.
वास येतो. धुतलेला नाही.

बारा आठवड्यांनी मूठ.
मधलं बोट टेकलं.
अनामिकेचं टोक तळव्यापासून दीड सेंटीमीटरवर थांबलं,
पुढे जाईना.
वहीत लिहिलं, समाधानकारक.
तिनं मूठ उजेडाकडे धरली,
त्या फटीतून माझ्याकडे पाहिलं.
"यातून काय काय पडंल?"

बारीकसारीक, मी म्हटलं. अगदी बारीक.

"म्हंजी जवला," ती चप्पल शोधत म्हणाली,
"जवला त मी विकतच नाय."