उद्यापर्यंत

मल्हारगंजच्या वळणावर गिलकी घेतली
की कोथिंबीर फुकट.
"ले जाव दीदी, कल तक नी रेगी."
मी मनात म्हणते, बघच तू.

घरी येऊन आधी जुडीचा दोरा सोडते,
पिवळी पानं खुडते, धूत मात्र नाही.
जुन्या मलमलच्या ओढणीत गुंडाळून
डब्यात आडवी निजवते.
अकराव्या दिवशी पोह्यांवर पडते
तेव्हाही तिचा वास जिन्यापर्यंत जातो.

एका माणसाचं घर म्हणजे
उरलेल्या अर्ध्याचं गणित.
अर्धा कोबी, पाऊण काकडी,
लिंबाची ती एक फोड
जिच्यावर मी वाटी पालथी घालते.
बँकेत एकतीस वर्षं
लोकांच्या मुदतठेवी सांभाळल्या,
तीच सवय इथे.
मिरच्या देठं काढून काचेच्या बरणीत,
आलं कुंडीतल्या वाळूत पुरलेलं,
टोमॅटो पालथे,
आलू आणि कांदे ओट्याच्या दोन टोकांना.
हो, आलूच. पुण्याची मावसबहीण हसते, हसू दे.
केळी खिडकीच्या गजाला टांगलेली,
सगळ्यांपासून लांब,
कारण केळं एकटं पिकत नाही,
शेजाऱ्याला घेऊन पिकतं.

पौषात बटला सोलते,
उकळत्या पाण्यातून काढून बर्फाच्या पाण्यात टाकते,
आणि वैशाखात त्याची उसळ करते.
विचारायला कोणी नसतं,
तरी ताटाला सांगते: पौषातला आहे.

फक्त सीताफळापुढे माझं काही चालत नाही.
परवा एक आणलं, दगडासारखं,
तांदळाच्या डब्यात ठेवलं.
काल दाबून पाहिलं, नाही.
आज सकाळी, नाही.
रात्री साडेदहाला डबा उघडला
तर डोळे फाकलेले, देठ हातात आला,
सगळ्या तांदळाला त्याचा वास.
फ्रिजमध्ये ठेवावं तर सकाळी काळं.
आणि एवढं मोठं,
मला अर्धंसुद्धा जाणार नाही.

वरच्या खोलीतली थावरी डामोर
एम.वाय.मध्ये नर्स आहे.
दोन वर्षांत आमचं बोलणं
पाण्याची मोटर आणि विजेचं बिल, एवढंच.
दिवा दिसला म्हणून जिना चढले.

पायरीवरच बसलो, मधे ताटली.
चमचा नको म्हणाली.
दोन्ही अंगठ्यांनी फळ उघडलं,
मोठा वाटा माझ्याकडे सरकवला.
झाबुआकडे, आमच्या डोंगरात
हे असंच उगवतं, म्हणाली,
झाडाखालीच खातो,
घरी नेईपर्यंत कोण थांबतं!

मग बराच वेळ नुसत्या बिया.
ताटलीत कुणाच्या किती
ते काही कळेना.

मी उठले तशी तिने विचारलं,
सकाळच्या डब्याला थोडी कोथिंबीर आहे का?
आहे, म्हटलं. नऊ दिवसांची आहे पण.
तिने वास घेतला,
माझ्याकडे पाहिलं, पुन्हा घेतला.

मी ओढणीसकटच दिली.
ओढणी तेवढी परत दे, म्हटलं,
धुऊन नको,
ओलसर आहे तशीच बरी.