जुना कागद

छातीवर सहा, हातापायांना चार.
थंड लागेल हं जरा, असं म्हणत
बावीस वर्षं हेच चिकटवतेय मी.
सकाळी स्टेशनजवळच्या सरकारी दवाखान्यात,
संध्याकाळी बाणेरला, काचेच्या इमारतीत,
जिथे माणसं आजारी नसतानाच येतात
आणि उपाशीपोटी आल्याबद्दल त्यांना नंतर उपमा मिळतो.

मशीनला पत्ता कळत नाही.
ते रेघ काढतं.
रेघेतल्या एका तुकड्याला आम्ही एसटी म्हणतो,
तो वर चढला की सगळे धावतात.
गावाकडची एसटी चुकली
तर झाडाखाली बसून दुसरीची वाट बघता येते.

निवृत्ती सरवदे, सत्तेचाळीस, मार्केट यार्डात भुसार विभागात हमाल.
मंगळवारी दुपारी दीडला आले, स्वतःच्या पायांनी,
आणि बाकाच्या अगदी कडेला बसले, बाक मळू नये म्हणून.
दुखायला लागलं होतं रात्री दोनला.
मधले साडेअकरा तास काय केलंत?
ओवा खाल्ला. सोडा प्यालो. मेडिकलवाल्याने पित्ताची गोळी दिली.
आणि लातूरची गाडी लागली होती, तुरीची.
टोळीत एक कमी पडला की बाकीच्यांच्या पाठीवर येतं, बाई.
हे त्यांनी माफी मागितल्यासारखं सांगितलं.
वाटेत एका ठिकाणी रिक्षा थांबवली होती.
काउंटरवरची मुलगी चांगली होती, पाणी दिलं तिने,
आणि चाळीस हजार हा आकडा चिठ्ठीवर लिहून दिला.
शर्ट काढताना ती चिठ्ठी खिशातून पडली.
मीच उचलून ट्रेमध्ये ठेवली, कापसाशेजारी.

जुना ईसीजी आहे का, डॉक्टर म्हणाले, ताडून बघायला?
आहे ना, सुलाबाई म्हणाली, जरा ऐटीतच.
तीन वर्षांपूर्वी युनियनच्या शिबिरात काढलेला.
कुणीतरी बजावलं होतं, जपून ठेवा.
तर तिने रेशन कार्डाच्या प्लास्टिक पिशवीत,
जनता वसाहतीत, पत्र्याला टेकलेल्या वरच्या फळीवर
तीन उन्हाळे तो जपला होता.

मी घडी उलगडली.
गुलाबी चौकोन सगळे जागच्या जागी,
पोराच्या गणिताच्या वहीसारखे.
रेघ उडून गेली होती.

उष्णतेनेच उमटतो हा कागद
आणि तापत्या पत्र्याखाली फिका पडत जातो.
मला माहीत होतं.
बावीस वर्षांत किती जणांना सांगितलं मी?

त्याच संध्याकाळी बाणेरला
एका साहेबांच्या नऊ वर्षांच्या नऊ रेघा
पडद्यावर एकीखाली एक लावल्या.
शेवटच्या रेघेत केसाएवढं काहीतरी वाकलं होतं.
मला तर काहीच होत नाहीये, साहेब म्हणाले,
आणि खरंच होत नव्हतं.
बुधवारी सकाळी त्यांच्या नळीत स्प्रिंग बसली,
शुक्रवारी त्यांनी आम्हा सगळ्यांना पेढे पाठवले.
मी दोन खाल्ले. चितळ्यांचे होते.
त्यांचा राग कसा करणार? सगळं असंच व्हायला हवं,
इतकं वेळेवर, इतकं कंटाळवाणं.

आता मी प्रत्येकाला सांगते:
गेटबाहेर झेरॉक्स आहे, दोन रुपये पडतील,
आधी तिथे जा, मग घरी.
लोक हो म्हणतात आणि बस पकडायला पळतात.

सरवदे वाचले.
म्हणजे पंप पंचवीस टक्के चालतोय.
घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, जड काही उचलायचं नाही.
सुलाबाईने विचारलं,
जड म्हणजे किती किलोपासून?

डॉक्टर पेन थांबवून विचार करत राहिले.
मग म्हणाले, पाण्याची बादली चालेल. तीही अर्धी.

तिने मान डोलावली, कागद पिशवीत घातले,
आणि दारातून मागे वळून मला एकटीला म्हणाली,
बाई, आमच्यात नळ उताराला आहे
आणि घर चढाला.